पाठीशी किती वर्षं

सांगलीच्या आमच्या घरात माजघराच्या खिडकीशी आजीच्या वेळचं उषाचं मशीन होतं. काळं, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, खाली लोखंडी जाळीचा पाय. चामड्याचा पट्टा सैल पडला की वडील तो बोटभर कापायचे आणि तारेने पुन्हा जोडायचे. हे मशीन आलं कुठून, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. नोकरीनिमित्त कोलकात्यात आलो तेव्हा कळलं की उषा बनवणारी जय इंजिनिअरिंग वर्क्स इथलीच, १९३० च्या दशकातली, आणि तिचा कारखाना दक्षिण कोलकात्यात प्रिन्स अन्वर शाह रोडला होता. आता तिथे साउथ सिटी मॉल आहे आणि त्याला लागून आभाळाला टेकलेल्या राहत्या इमारती. उषा हे नाव अजून बाजारात आहे, मशीनही विकलं जातं. पण जिथे शिलाई मशीन घडायचं तिथे आज शिवून झालेले कपडे टांगलेले असतात, तेही बहुतेक दुसरीकडून आलेले.

परवा याच मॉलमध्ये भाचा भेटला. तो उत्तरेतल्या एका कंपनीत आहे. ती मिक्सर आणि पंखे विकते, गेली काही वर्षं टीव्हीही. कॉफी येईपर्यंत त्याला धीर नव्हता. "मामा, मालक म्हणतायत की आता फॅक्टरी ऑटोमेशनमध्ये उतरायचं. घरगुती मालात काही उरत नाही, ऑनलाइनवाल्यांनी भाव पाडून ठेवलेत. सेन्सर, कंट्रोलर, छोटे रोबो बनवायचे. शेवटी इलेक्ट्रॉनिक्सच ना ते? तू काय म्हणतोस?"

"शेवटी इलेक्ट्रॉनिक्सच ना" हे त्याचं म्हणणं मला झटकून टाकता येईना, कारण त्यात तथ्य आहे. घरातलं वॉशिंग मशीन काय करतं? पाणी ठरलेल्या पातळीला आलं की नळ बंद करतं, मोटर अमुक मिनिटं उलटसुलट फिरवतं, पाणी सोडतं, दार उघडं असेल तर जागचं हलत नाही. कारखान्यातला पीएलसी, म्हणजे यंत्राला क्रम शिकवणारा तो खोका, हेच करतो. आत प्रोसेसर, रिले, वीज पुरवणारं सर्किट, सगळं ओळखीचं. दोन्ही उघडून टेबलावर ठेवले तर नवख्याला फरक सांगता येणार नाही. मग फरक आहे कुठे? ते मला मॉलमध्ये बसून सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, त्याला शिंप्यांच्या वस्तीत, मेटियाब्रुजला घेऊन गेलो.

१८५६ मध्ये अवधचं राज्य गेलं आणि नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याला येऊन हुगळीच्या काठी या भागात राहिला. त्याच्या लवाजम्यात शिंपीही होते, असं इथले लोक सांगतात. आज गल्लीगल्लीत ओस्तागर आहेत. कापड आणायचं, कापायचं, कारागिरांकडून शिवून घ्यायचं आणि हाटात विकायचं, हा त्यांचा धंदा. मुलांचे फ्रॉक आणि पँटी इथून देशभर जातात. आम्ही गेलो त्या खोलीत दोन रांगांत दहा मशीनं होती, बहुतेक जूकी या जपानी कंपनीची. मिनिटाला साडेपाच हजार टाके घालू शकणारं हे मशीन चालू झालं की आवाज टाक्यांचा राहतच नाही, एक सलग गुरगुर होते. डोक्यावर एक छोटी गोल काच असते. खालच्या तेलाच्या पात्रातलं तेल पंपाने वर चढून त्या काचेवर उडताना दिसतं. तेल उडताना दिसलं नाही की कारागीर टीप अर्धी सोडून हात काढतो. कोपऱ्यात एक काळं उषा होतं, आमच्याकडच्यासारखंच, सटरफटर दुरुस्तीसाठी ठेवलेलं.

"हे किती जुनं?" मी मिस्त्रीला विचारलं.

"माझ्याआधीचं आहे. मला इथे अठरा वर्षं झाली."

"पार्ट मिळतो?"

त्याला प्रश्न विचित्र वाटला. "सकाळी सांगितला तर दुपारी. न मिळायला काय झालं?" मग खाली वाकून हळूच म्हणाला, "अस्सल महाग पडतो, चिनी घालतो. पण बसतो बरोबर. माप कुठे बदललंय?"

माप कुठे बदललंय. भाच्याला मी हे ऐकवायलाच आणलं होतं.

जूकी १९३८ ची, टोकियोची. आधी बंदुका बनवायची, जपान युद्ध हरल्यावर शिलाई मशीनकडे वळली. १९४७ मध्ये तिचं पहिलं घरगुती मशीन आलं आणि १९५३ पासून ती कारखान्यांची मशीनं करू लागली. म्हणजे सुरुवातीला ती आणि आपली उषा शेजारशेजारच्या गल्लीतल्या. पुढचा टप्पा मात्र ऐकणाऱ्याला दचकवतो. १९८७ मध्ये जूकीने सर्किट बोर्डावर इलेक्ट्रॉनिक भाग बसवणारं यंत्र काढलं. टीव्ही असो की फोन, आतल्या हिरव्या पाटीवर तांदळाच्या कणीहून बारीक असे शेकडो तुकडे बसवलेले असतात. ते हाताने बसवणं अशक्य. असं यंत्र पोकळ नळीने हवा ओढून तुकडा उचलतं, वाटेतच लेसरने तो सरळ आहे की तिरका ते बघतं आणि ठरल्या जागी टेकवतं. असे तासाला हजारो.

शिंप्याचं मशीन बनवणारे इथे कसे पोहोचले? मेटियाब्रुजच्या त्या खोलीत उभं राहिलं की फार नवल वाटत नाही. सुई खाली येते, वर जाते, दाते कापड एक घर पुढे सरकवतात, सुई पुन्हा खाली. बोर्डाच्या यंत्रात तुकडे कागदी फितीवर गुंडाळून येतात, दातेरी चाक फीत एक घर पुढे सरकवतं, नळी खाली येते. वेगाने वरखाली होणारी वस्तू दर वेळी त्याच केसाएवढ्या जागी थांबवायची, हे कसब त्यांना येत होतं. पण कसबाने अर्धंच काम भागतं. उरलेलं अर्धं त्या मिस्त्रीच्या तोंडी होतं. चौतीस वर्षं जूकी कारखान्यांच्या दारात उभी होती. बंद पडलेल्या मशीनमागे दिवसाला किती रुपये बुडतात हे तिला ठाऊक होतं, आणि पार्टाचं माप बदललं तर गिऱ्हाईक शिव्या देतो हेही.

उषा हे सगळं का करू शकली नाही, याची कारणं कोलकात्यात कुणालाही विचारा, संप आणि राजकारणापासून सुरुवात होईल. ती खरीही असतील. मला एक साधं कारण जास्त पटतं. उषाचं गिऱ्हाईक माझी आई होती. तिला ते मशीन दिवसाला तासभर लागायचं, आणि बंद पडलंच तर झबलं उद्या शिवलं जायचं. अशा गिऱ्हाइकाकडून कंपनी फारसं काही शिकत नाही, कारण ते फार सोसतं.

तर मला दिसणारा फरक असा. विकलेल्या वस्तूच्या पाठीशी बनवणाऱ्याने किती वर्षं उभं राहायचं, एवढाच प्रश्न आहे. घरगुती मालाच्या धंद्यात ही मुदत आखूड असते आणि ती आखूड असण्यावरच धंदा चालतो. दिवाळीला नवं मॉडेल आलं पाहिजे, जुनं जुनाट दिसलं पाहिजे. टीव्हीचा बोर्ड दरवर्षी बदलतो, चार रुपयांनी स्वस्त चिप मिळाली की आणखी एकदा बदलतो. यात लबाडी नाही, गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं. कारखानदाराला नेमकं उलट हवं असतं. पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला खोका जळाला तर त्याला तोच खोका हवा, त्याच चार भोकांवर बसणारा आणि तोच जुना प्रोग्राम मुकाट्याने चालवणारा. "नवीन जास्त चांगलं आहे" असं त्याला सांगणं म्हणजे ज्याचा दात दुखतोय त्याला नवं जेवणाचं टेबल दाखवणं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. हावड्यात एका ओळखीच्या माणसाचा पॅकिंगचा छोटा कारखाना आहे, त्याचा हिशोब मी काही वर्षं बघत होतो. पुड्या भरण्याच्या त्याच्या यंत्रावर हाताएवढा पडदा होता. कामगार त्याला बोट लावून वजन आणि वेग ठरवायचे. एका ऐन हंगामात पडदा पांढरा पडला. यंत्र ठणठणीत, पण त्याच्याशी बोलायला तोंड नाही. ज्या कंपनीचा पडदा होता तिने, नाव नको, नम्रपणे सांगितलं की ते मॉडेल बंद झालंय. घेतलेल्याला पाच वर्षंही झाली नव्हती. नवा पडदा आणला तर भोकं जुळेनात, जुळवून बसवला तर जुना प्रोग्राम वाचेना, आणि प्रोग्राम लिहिणारा मुलगा नोकरी सोडून दुबईला गेलेला. आठ दिवस ते यंत्र कापड झाकून उभं होतं. मालक रोज सकाळी येऊन ते कापड उचलून बघायचा, रात्रीत काही चमत्कार झालाय का म्हणून. शेवटी चांदनी मार्केटमध्ये, जुने टीव्हीचे बोर्ड किलोवर विकणाऱ्या एका दुकानात, तोच पडदा वापरलेला मिळाला. दुकानदाराने किंमत सांगण्याआधी आमच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

आता माझ्या ओळखीच्या शहरातलीच एक मोठी गोष्ट सांगतो. फिलिप्स भारतात आली ती १९३० मध्ये, कलकत्त्यात. १९३८ मध्ये इथे तिचा दिव्यांचा कारखाना निघाला, १९४८ पासून रेडिओ बनू लागले. रेडिओचा दुसरा कारखाना १९५९ मध्ये पुण्याजवळ काढला. लोणी काळभोरच्या बाजूने जाणाऱ्या पुणेकरांना फिलिप्स हे तिथलं नाव म्हणूनच माहीत होतं. घरोघरी बिनाका गीतमाला ज्या पेट्यांतून ऐकली गेली त्यांतल्या कितीतरी या दोन ठिकाणांहून निघाल्या असतील. पुढे कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये टीव्हीचा कारखाना आला. १९९० च्या दशकाच्या शेवटी फिलिप्सने तो व्हिडिओकॉनला, म्हणजे आपल्या औरंगाबादच्या धूतांच्या गटाला, विकायचं ठरवलं. कामगार संघटना कोर्टात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं, आणि विक्री झाली. घरगुती मालाच्या हिशोबाने त्यात वावगं काही नव्हतं. त्या मुदतीत कारखानाही एक मॉडेलच असतो.

याच फिलिप्सच्या माहेरी, नेदरलँडमधल्या आइंडहोव्हनला, वेगळंच चाललेलं होतं. दिवे आणि टीव्ही बनवायला लागणारी यंत्रं फिलिप्स आपल्याच कारखान्यात घडवायची. तिच्या प्रयोगशाळेने स्वतःच्या चिपा बनवण्यासाठी एक यंत्र केलं, प्रकाशाने सिलिकॉनवर नक्षी उमटवणारं. ते धड चालेना, पैसा खाऊ लागलं, तेव्हा १९८४ मध्ये दुसऱ्या एका कंपनीशी भागीदारी करून ते वेगळं काढलं. हीच एएसएमएल. आज जगातल्या सगळ्यांत प्रगत चिपा तिच्या यंत्राशिवाय बनत नाहीत. मला तिची दुसरीच गोष्ट जास्त आवडते. तिने १९९१ मध्ये पीएएस ५५०० नावाचं यंत्र काढलं. त्या घराण्यातली यंत्रं ती आजही परत घेते, सोलून साफ करते, झिजलेलं बदलते आणि पुन्हा विकते. १९९१ चा टीव्ही कुणी असा परत घेऊन नवा करून विकतोय, अशी कल्पना करून बघा.

आणि फिलिप्स? एएसएमएलमधला आपला हिस्सा तिने विकून टाकला. बोर्डावर भाग बसवणारी यंत्रं करणारी तिची असेम्ब्लिऑन नावाची कंपनी होती, तीही गेली. टीव्ही गेले, दिवे गेले, घरगुती उपकरणं गेली. आता ती मुख्यतः दवाखान्याची यंत्रं करते. फिलिप्सवर हसावं असं मला वाटत नाही. एका घरात दोन वेगवेगळ्या मुदतींचे धंदे असले की वर्षअखेरीला आखूड मुदतीचा धंदा लांब मुदतीच्या धंद्याला विचारतोच, "तू या वर्षी काय मिळवलंस?" याला उत्तर देता देता लांबवाला एक दिवस वेगळं बिऱ्हाड करतो. दक्षिण कोरियात एलजीचं तसंच झालं. कारखान्यांचे कंट्रोलर बनवणारी तिची शाखा २००३ मध्ये घराच्या वाटणीत वेगळी झाली, आज ती एलएस नावाने नांदते. मग २०१८ मध्ये एलजीने रोबो बनवणाऱ्या दुसऱ्याच एका कंपनीचा ताबा मिळवला. वाटणीत दिलेलं शेत पुन्हा खंडाने घ्यावं, तसं. जर्मनीच्या सीमेन्सने उलट्या बाजूने तेच केलं. ऑटोमेशन हा तिचा गाभा, म्हणून फ्रिज आणि डिशवॉशर बनवणाऱ्या कंपनीतला आपला निम्मा वाटा तिने २०१४ मध्ये तीन अब्ज युरोला बॉशला द्यायचं ठरवलं.

हे ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे जाऊच नये?"

जावं की. पण कोण गेलं आणि टिकलं ते बघ. पॅनासोनिकने १९६८ मध्ये भाग बसवणारं पहिलं यंत्र केलं ते आपल्याच मालासाठी. सेकोच्या घराण्यातल्या एप्सनचे रोबो घड्याळं जोडायला जन्मले आणि मग बाहेर विकले गेले. यामाहाचंही तेच, मोटरसायकलींच्या कारखान्यातून. भारतात आज जे मोबाइल आणि टीव्हीचे कारखाने उभे राहतायत, त्यांतल्या यंत्रांच्या रांगांवर हीच नावं वाचायला मिळतात. या सगळ्यांचं पहिलं गिऱ्हाईक त्यांच्याच छपराखाली होतं आणि ते सोसणारं नव्हतं. रात्रपाळीला यंत्र अडलं तर ते बनवणाऱ्याला घरातून उठवून आणलं जायचं. अशी दहा-पंधरा वर्षं गेल्यावर त्या यंत्राच्या पाठीशी उभं राहायची सवय अंगात मुरते. ती मुरल्यावर यंत्र विकायला काढलं, तर गिऱ्हाईक यंत्राबरोबर ती सवयही विकत घेतं.

लांब कशाला जायचं, आपल्या विक्रोळीत बघा. गोदरेजने कुलपं आणि कपाटं करता करता साचे आणि डाय बनवणारी टूलरूम उभी केली. तिने आधी घरचे साचे केले, मग मोटारवाल्यांचे. फ्रिज १९५८ मध्ये आला आणि अजून आहे, टाइपरायटर आला आणि गेला, टूलरूम मात्र चालूच आहे.

पैसे टाकून ही सवय विकत घेता येते का, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण चीनची मिडिया. ही एसी आणि पंखेवाली कंपनी १९६८ मध्ये बाटल्यांची झाकणं बनवत सुरू झाली. तिने २०१६-१७ मध्ये जर्मनीची कुका ही रोबोवाली कंपनी जवळजवळ अख्खी घेतली. मिडियाच्या स्वतःच्या कारखान्यांना हजारो रोबो लागतात, म्हणजे छपराखालचं गिऱ्हाईक तयार आहे. त्यामुळे हा सौदा निव्वळ हौसेचा नव्हता. दत्तक मुलगा घराला धरून राहील की नाही, हे पाच-दहा वर्षांत ठरत नाही. मी तरी घाई करणार नाही. सॉल्ट लेकचा कारखाना घेणाऱ्या व्हिडिओकॉनने मात्र दुसरंच केलं. ती पसरली तेलाच्या विहिरींत, टेलिफोनमध्ये, डीटीएचमध्ये. रव्वाच्या तेलक्षेत्रात तिचा पाव हिस्सा होता. स्वतःच्या टीव्हीच्या कारखान्यातल्या यंत्रांनी जे शिकवलं असतं त्या दिशेला ती गेली नाही. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात पोहोचली. त्याला कर्जं वगैरे दहा कारणं आहेत, आणि हे त्यांतलं अकरावंही नसेल कदाचित. मला आपलं राहून राहून वाटतं.

आणखी एक वाट आहे, ती ब्रँडवाल्यांना सहसा दिसत नाही. हावड्याच्या पॅनेलांत आज डेल्टाचे खोके पुष्कळ दिसतात, स्वस्त म्हणून. ही तैवानची कंपनी १९७१ मध्ये टीव्हीच्या आतली कॉइल करत सुरू झाली. तिचं नाव टीव्हीवर कधीच नव्हतं. नाव नसल्यामुळे तिला दिवाळीचं नवं मॉडेल काढावं लागलं नाही. तिला सांभाळावे लागत होते दुसऱ्या कारखान्यांचे खरेदी अधिकारी. ऑटोमेशनला आली तेव्हा तेच सांभाळणं तिने पुढे चालू ठेवलं.

मेटियाब्रुजहून परतताना मी भाच्याला विचारलं, "तुमच्या कारखान्यात पंख्याची कॉइल गुंडाळायचं यंत्र कुठलं?"

"बाहेरचं. चिनी."

"ते बिघडलं तर?"

"चीनमधून व्हिडिओ कॉलवर सांगतात. नाहीतर मेंटेनन्सवाले बघतात." मेंटेनन्स म्हणजे कोण, ते त्याला सांगता आलं नाही. तो मार्केटिंगला आहे.

दहा-बारा दिवसांनी त्याचा रात्री फोन आला. आवाजात जरा ओशाळलेपण. शेडच्या मागे मेंटेनन्सची खोली आहे, तिथे तो पहिल्यांदाच गेला होता. तिथला एक जुना फिटर चिनी यंत्राची वाट बघून कंटाळला आणि त्याने भंगारातल्या मोटरी आणि सायकलच्या चेनवर स्वतःच एक गुंडाळणी यंत्र जोडलं होतं. नऊ वर्षं ते रोज दोन पाळ्या चालतंय. त्याचे सगळे सुटे भाग त्या माणसाने एका बिस्किटाच्या डब्यात मोजून ठेवलेत, कुठला कधी बदलला ते झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून. मालकांना हे यंत्र आहे हेच माहीत नव्हतं.

"मग घेऊन जा ना मालकांना तिथे," मी म्हणालो.

"नेतो ना. उद्याच नेतो," भाचा म्हणाला, आणि थोडा थांबून, "मामा, पण तो माणूस मार्चमध्ये रिटायर होतोय."